तपासणीनंतरचे काम

नाशिक

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

इंटर्नशिप संपत आली असून एका श्रवणयंत्र केंद्राकडून आणि एका कर्णबधिर शाळेकडून बोलावणे आले आहे, असे तू परवा सांगितलेस. शाळेतल्या सगळ्या मुलांचे ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) आधीच झालेले असतात, मग तिथे ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, रोज काम तरी काय उरते, असेही तू विचारलेस. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन हा विषय संपवावा असे मला वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ऑडिओग्राम आवाजबंद खोलीत, हेडफोन लावून, एका ठरावीक दिवशी काढलेला असतो. मूल मात्र वर्षभर पंख्याच्या घरघरीत, बाकांच्या खडखडाटात आणि फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकांसमोर बसते. कागदावरचे ऐकणे आणि वर्गातले ऐकणे यांत किती अंतर पडले आहे ते रोज पाहावे आणि ते कमी करावे, हेच शाळेतले खरे काम आहे, असे कर्णबधिर शाळेत इतकी वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

दिवसाची सुरुवात मुलांची मशीन, म्हणजे श्रवणयंत्रे, तपासण्याने होते. सेल पाहायचा, मोल्डची, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याची, नळी पाहायची, स्टेथोस्कोपसारखी स्टेथोक्लिप लावून मशीनचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकायचा आणि मग तोंड झाकून श्रवणशिक्षणतज्ज्ञ डॅनियल लिंग यांचे सहा ध्वनी म्हणायचे: आ, ई, ऊ, म, श, स. ध्वनी ऐकू आला की मुलाने एक मणी उचलायचा. मागच्या पावसाळ्यात तिसरीतली एक मुलगी वर्गात लक्षच देत नाही, असे तिच्या बाई सांगत होत्या. सहा ध्वनींपैकी ‘श’ आणि ‘स’ला तिने मणी उचललाच नाही, आदल्या दिवशी मात्र ते दोन्ही तिला ऐकू आले होते. मोल्ड उजेडात धरला, तेव्हा नळीच्या वळणावर पाण्याचा एक थेंब अडकलेला दिसला. ब्लोअरने नळी कोरडी केली आणि तिने सहाही ध्वनी ओळखले. हा दोष कोणत्याही ऑडिओग्राममध्ये दिसला नसता. नळी स्वच्छ असूनही ध्वनी हरवले, तर कानात मळ आहे का, सर्दीमुळे मध्यकर्णात द्रव साचला आहे का, हे पाहून गरजेप्रमाणे मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे लागते.

याहून मोठे काम भाषेचे आहे. ज्या मुलाचे ऐकणे २००० हर्ट्झच्या पुढे (म्हणजे बारीक, उंच आवाजांना) फारच उतरलेले असते, त्याला ‘ई’ आणि ‘ऊ’ हे स्वर जवळजवळ सारखे वाटतात, कारण त्यांच्यातला फरक सांगणारी ऊर्जा त्या वरच्या पट्ट्यात असते. शेवटचा ‘स’ तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग ‘तू आलीस’ आणि ‘ती आली’ ही वाक्ये त्याच्या कानी एकच होतात. वहीत ‘तू आली’ असे आले की शिक्षक व्याकरणाची चूक म्हणून लाल रेघ मारतात. अशा वेळी ऑडिओग्राम घेऊन शिक्षकांशेजारी बसावे आणि कोणती अक्षरे या मुलाला कानाने मिळणार नाहीत, ती डोळ्यांनीच द्यावी लागतील, हे समजावून सांगावे. मला या कामात सर्वांत जास्त समाधान मिळाले आहे.

वर्गखोलीकडेही तुलाच पाहावे लागेल. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो; पंखा मात्र डोक्यावरच असतो आणि मशीन त्याचाही आवाज वाढवते. म्हणून बाक अर्धवर्तुळात लावणे, खिडक्यांना जाड पडदे, खुर्च्यांच्या पायांना रबर आणि जमल्यास शिक्षकांच्या गळ्यात त्यांचा आवाज थेट मशीनपर्यंत पोहोचवणाऱ्या एफएम यंत्रणेचा माइक, यांसाठी मुख्याध्यापकांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते.

पालकांशी बोलताना त्यांचे दिवस ओळखून बोलावे. निफाड-दिंडोरीकडचे पालक द्राक्षांच्या काढणीत येऊ शकत नाहीत, तेव्हा त्या काळात बैठक ठेवू नये. सेलवरची हवा रोखणारी पट्टी एकदा काढली की पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही, रात्री सेलचे दार उघडे ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, रंगपंचमीला ते घरीच काढून ठेवावे, हे त्यांना हातात मशीन देऊन दाखवावे. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागातून पाच-सहा वर्षांचे मूल पहिल्यांदाच मशीन लावायला येते, तेव्हा जन्मापासून सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत हा आपला नियम आठवून जीव तुटतो. पण त्या पालकांना दोष देण्यात काहीही अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते: सांकेतिक भाषा शीक. आठवी-नववीतली मुले मशीन काढून दप्तरात ठेवतात, तेव्हा त्यांना रागावण्याआधी कारण विचारता आले पाहिजे. कधी मोठा आवाज त्यांना सहन होत नसतो, आणि मग मशीनच्या आवाजाची कमाल पातळी कमी करून प्रश्न सुटतो. कधी मात्र त्यांना खुणांतून बोलणेच अधिक आपले वाटते, आणि तेही मान्य करायला हवे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. आपल्या व्यवसायातल्या काहींना आजही ती भाषा मुलांच्या तोंडाने बोलायला शिकण्याच्या आड येईल असे वाटते. मला तसे कधी आढळले नाही. स्वतःच्या कानाचा आलेख काय सांगतो, हे मुलाला त्याच्या भाषेत समजले, तर ते मशीनविषयी स्वतः निर्णय घेऊ लागते.

केंद्रातले काम कमी दर्जाचे आहे, असे मी म्हणत नाही. तिथे नवी यंत्रे हाताळायला मिळतील आणि पगारही बरा असेल. मात्र निर्णय घेण्यापूर्वी जूनमध्ये शाळा उघडताना आठवडाभर माझ्याकडे ये. सुट्टीत मुलांचे कान वाढलेले असतात, जुने मोल्ड सैल होऊन शिट्टी मारू लागतात आणि पहिला आठवडा नव्या मोल्डसाठी कानांचे ठसे (इम्प्रेशन) घेण्यातच जातो. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचा अर्ज मात्र इंटर्नशिप संपताच कर. नोंदणी झाल्याशिवाय दोन्हीपैकी कुठेच तुला रुजू होता येणार नाही.

तुझी,
आई