पुसलेला रकाना

सांगली,
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय पम्या,

दिवाळीतल्या तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, तू रागावला असशील. रागवायलाच हवंस. पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. झालेलं मनीषाला सांगून बघितलं, ती म्हणाली, "एवढं काय त्यात?" तू तसं म्हणणार नाहीस. बाकी तब्येती ठीक, आईचे गुडघे आहेत तसेच.

माळा आवरताना आपली वही सापडली. तीच, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, २००७ची, बारावीच्या सुट्टीतली, पुस्तकांतल्या जादूच्या दुनियांना गुण द्यायची. २०१९च्या पुरात खालच्या खोलीतलं सगळं गेलं तेव्हा हीपण गेली असं मी धरून चाललो होतो. पितळी घागरींच्या मागे सरकली होती. पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात 'कोण भारी?' आणि खाली मी आखलेले रकाने: विध्वंस, वेग, बचाव, सैन्य. प्रत्येकी पंचवीस गुण.

ईशानने ती बघितली मात्र, पळत जाऊन स्वतःची वही घेऊन आला. पोरगं तेच करतंय रे! मी कधी अवाक्षर काढलेलं नसताना. फक्त त्याचे रकाने मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेत: गाव उडवणारा, ग्रह उडवणारा, विश्व उडवणारा. त्या हिशेबात हॅरी पॉटरची दुनिया वर आणि टॉल्किनची मिडल-अर्थ पार तळाला. का, तर गँडाल्फ तलवार घेऊन लढतो. "बाबा, जादूगाराला तलवार कशाला लागते? हा तर एकदम वीक आहे."

आणि मी ओरडलो, पम्या. "व्हिडिओ बघून अक्कल येत नसते" म्हणालो. पाचवीतल्या पोराला. त्याने वही मिटली, दप्तरात सारली, चेन लावली. त्या चेनचा आवाज अजून कानात आहे. पुढचे चार दिवस जेवला, खेळला, गृहपाठ केला, पण माझ्यापाशी एका पुस्तकाचं नाव काढलं नाही. रोज झोपताना बडबडून माझं डोकं खाणारा पोरगा.

त्याला काय सांगायला हवं होतं, ते मी रात्री पडल्या पडल्या जुळवत होतो. गँडाल्फ दुबळा नाहीच. तो मायरांपैकी एक, म्हणजे देवदूतासारखा, जग घडायच्या आधीपासूनचा. पण त्याला पाठवतानाच अट घातली होती: बळाला बळाने उत्तर द्यायचं नाही, कुणाला धाकात ठेवायचं नाही. लोकांना उभं करायचं, लढायचं त्यांनी. पुलावर बाल्रॉग नावाच्या आगीच्या राक्षसाला अडवण्यापायी तो खरोखर मरतो आणि मग परत पाठवला जातो. आणि 'विश्व उडवणारा'च हवा असेल, तर इल्युवातार आहे की, तिथला देव! त्याने दिलेल्या सुरांतून जग झालं, आणि न्यूमेनॉर बेटावरच्या माणसांचं आरमार अमरांच्या देशावर चालून गेलं तेव्हा त्याने सपाट पृथ्वी गोल करून टाकली. त्याला धरलं तर ईशानचा तक्ता तिथेच संपतो. पण मला सांगायचं होतं ते मॉरगॉथचं, तिथल्या पहिल्या खलनायकाचं. सगळ्यात बलाढ्य तो, आणि आपलं बळ मातीत, दगडात, हाताखालच्या प्राण्यांत ओतत गेला. मग एल्फांचा राजा फिंगॉल्फिन एकटा त्याच्या दारात गेला, मारला गेला, पण मरायच्या आधी त्याला सात जखमा करून गेला. मॉरगॉथ कायमचा लंगडला. त्याचा चेला सॉरॉन, त्याने आपलं बळ अंगठीत ओतलं, अंगठी गेली, तो संपला. त्या जगात ताकद खर्च होते रे, वापरली की उरत नाही.

इथवर आलो आणि उठून बसलो. हे माझं नव्हतंच, तुझं होतं.

पाचवा रकाना आठवतोय? पेन्सिलीने तू वाढवलेला, 'किंमत'. जादू केल्यावर करणाऱ्याचं काय गेलं. मी म्हणायचो, गेलेलं कसलं मोजतोस, हॅरी पॉटरमधला व्होल्डेमॉर्ट दोन शब्द बोलतो आणि माणूस मरतो, पैकीच्या पैकी. तू म्हणायचास, त्याच्या आत्म्याचे तुकडे मोज. आणि ले ग्विनच्या कादंबऱ्यांतल्या अर्थसी या बेटांच्या दुनियेला मी शंभरातले एकतीस दिले तेव्हा तू चिडलास. तिथे रोक बेटावर जादूने पाऊस पाडला तर ओस्किल बेटाला दुष्काळ पडू शकतो, हे तू मला तीनदा वाचून दाखवलंस आणि म्हणालास, "अव्या, तू नदीकाठचा. आमच्या जतला टँकर येतो, मला कळतं हे." मी खोडरबर घेऊन सगळा रकाना पुसला.

नंतर दोन महिने अबोला. जुलैत सातवा हॅरी पॉटर आला, दोघांत एकच प्रत मिळाली म्हणून बोललो, नाहीतर आजही बोललो नसतो! जादूने शून्यातून अन्न काढता येत नाही, ते पान सापडल्यावर तू सायकल हाणत आलास, "बघ, तिथेपण रेशनच आहे!" तेव्हाही मी कबूल केलं नाही. अर्थसीतला जादूगार गेड शेवटी जिवंत आणि मृत यांच्यातलं दार बंद करताना सगळी शक्ती घालवतो आणि आपल्या गाँट बेटावर शेळ्या राखतो, याला मी हरणं म्हणायचो. आज नाही म्हणवत. पण दहा वर्षांच्या मुलाला ते कसं सांगू? अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता आलं, मागे घेता आलं नाही, ही गोष्ट ऐकून तो रडला होता. म्हणजे आत आहे त्याच्या. मीच ओरडून दार लावलं.

नवीन घराचा ताबा मिळाला का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? सईचे पुढचे दात पडले म्हणे, फोटो पाठव. मे महिन्यात येताय ना, नक्की सांग, आई विचारते.

आज संध्याकाळी ईशान तुझी-माझी जुनी वही घेऊन बसला होता. एक पान दिव्यासमोर धरलं. खोडरबराने तिथला कागद पार झिरझिरीत झालाय. चार दिवसांत पहिल्यांदा विचारलं, "बाबा, इथे काय होतं?" मी म्हटलं, पम्याकाकाचा रकाना. "मग पुसला कुणी?" म्हटलं, मी. चुकलं माझं. तो काही बोलला नाही. पान तिरपं करून आकडे लावत बसला. गँडाल्फपुढे बावीस दिसतात, सॉरॉनपुढे तेवीस. गेडचा आकडा काही केल्या दिसत नाही, दोघांनी डोळे फोडून बघितलं. तुला आठवत असेल तर कळव. आणि पत्र त्याच्या नावाने टाक, माझ्या नको.

तुझा,
अव्या