फॉरमॅट मारून दिला, पण विंडोज कुठलं टाकलं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

ओटीपी कुणाला देऊ नका हे आता आजी-आजोबांनाही पाठ झालंय, त्याचं श्रेय तुमच्यासारख्या पेपरांना आहेच, पण घरातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र. बऱ्याच घरांत तो एकच असतो, त्यावरच पोरांचे प्रोजेक्ट, नेट बँकिंग, सोसायटीचा हिशोब आणि सगळे फोटो, आणि मेंटेनन्स म्हणजे काय तर हँग व्हायला लागला की दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणायचा.

खरी गोम तिथेच आहे. बऱ्याचदा फॉरमॅट मारताना क्रॅकवालं, म्हणजे लायसन्स न घेता चोरून चालवलेलं विंडोज टाकलं जातं, ते क्रॅक चालावं म्हणून अँटीव्हायरस आधी बंद करतात, आणि वर सांगतात की अपडेट करू नका हं, अ‍ॅक्टिव्हेशन जाईल. म्हणजे कुलूप काढून ठेवायचं आणि वर कडीपण लावू नका म्हणायचं! मग असा कॉम्प्युटर घरी नेलेलं गिऱ्हाईक वर्षाचं अँटीव्हायरस विकत घेतं. अहो, विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस फुकट येतो, तो चालू असला आणि अपडेट होत असले तर साध्या घरगुती वापराला पुरतो, माझं तरी हेच मत आहे.

अपडेट म्हणजे नुसती कटकट वाटणाऱ्यांनी मे २०१७ आठवावा. वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने तेव्हा जगभरातल्या लाखो मशीनमधल्या फाइली लॉक करून पैसे मागितले, ब्रिटनमध्ये तर हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, फक्त लोकांनी टाकला नव्हता.

आता विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर बंद पडत नाही, त्यामुळे कुणाला कळतच नाही, पण सिक्युरिटी अपडेट येणं थांबतं. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ ठेवलीय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती फुकटात मिळते. विंडोज ११ बऱ्याच जुन्या मशीनवर चढत नाही कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून बघा, ब्राउझर आणि टायपिंग एवढंच काम असेल तर छान चालतं.

बॅकअपचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथे सगळेच गाफील. एक्स्टर्नल हार्डडिस्क घेतात आणि कायम लावूनच ठेवतात, रॅन्समवेअर आलं की तीसुद्धा लॉक होते, तेव्हा कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवायची. पोरांना वेगळं स्टँडर्ड अकाउंट द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊ नका, मग फुकटचे गेम वाटेल तसे इन्स्टॉल होत नाहीत. आणि स्क्रीनभर लाल पॉपअप येऊन 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं दिसलं तर फोन करू नका, कुणी सांगितलं म्हणून एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्राम) टाकू नका, ऑल्ट एफ४ दाबून ब्राउझर बंद करा, नाहीच झाला तर सरळ रीस्टार्ट. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, उद्या बघू म्हणू नका.

स्लोचं म्हणाल तर ते क्लीनर नावाचे प्रोग्राम काढून टाका, जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा आणि पंख्यातली धूळ साफ करून घ्या, फॉरमॅटपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

दुकानदारांकडे मात्र एक मागणी आहे. दुरुस्तीच्या बिलावर विंडोज ओरिजिनल टाकलं की क्रॅक, आणि अपडेट चालू ठेवलेत की बंद, एवढं लिहून द्या. गिऱ्हाइकांनीही ते लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

– एक वाचक, सांगली