जनरेटर घ्या, पण चेंजओव्हर बसवून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या दापोलीकडे जनरेटरची चौकशी सुरू होते. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथे कोणी विसरलेलं नाही. खांब आडवे झाले, तारा बागांतून लोळत होत्या आणि कित्येक दिवस लाइट नव्हती. टेम्पोत जनरेटर घालून माणसं घरोघर फिरायची, तासाच्या भाड्याने पंप चालवून टाकी भरून द्यायची. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. तेव्हापासून ज्याला परवडतं त्याने दोन-तीन केव्हीएचा जनरेटर घरात आणून ठेवला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तो घराला जोडतात कसा, याबद्दल आहे.

गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी कौतुकाने त्यांची 'सोय' दाखवली. चार मीटर वायर आणि दोन्ही टोकांना थ्रीपिन टॉप. एक टॉप जनरेटरात, दुसरा पडवीतल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटमध्ये, की सगळं घर उजळतं. चाळीस वर्षं वायरिंगची कामं केलेल्या माझ्या अंगावर काटा आला. जनरेटर चालू असताना घरातला टॉप कोणी ओढला, तर हातात येतात त्या २३० व्होल्टच्या उघड्या पिना.

हे झालं घरापुरतं. मेन स्विच पाडायचा राहिला, तर तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. लाइनमन याला रिटर्न सप्लाय म्हणतात. डीपीवरचा, म्हणजे वाडीला वीज वाटून देणाऱ्या खांबांवरचा, ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्ट उतरवून आपल्याला देतो, पण त्याला खालची-वरची बाजू कळत नाही. खालून २३० घातले की वर तो ११ हजार चढवून देतो. फ्यूज काढून, लाइन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या माणसाचं काय होणार ते सांगायला नको.

यावर गावात ठरलेलं उत्तर मिळतं : "एवढासा जनरेटर, सगळ्या वाडीचा लोड घेईल कसा? लगेच ट्रिप होईल." लाइन शाबूत असेल तर बहुधा होईलही. पण वादळानंतर ती शाबूत कुठे असते? आमच्या घरापुढच्या तिसऱ्या खांबावर माड पडून तार तुटली होती. म्हणजे लोड उरला तीन घरांचा, आणि तेवढ्यावर जनरेटर मजेत चालतो. लाइनमन जोडायला येतो ती नेमकी हीच तुटलेली तार.

मेन पाडायला आम्ही विसरत नाही, असंही सांगतात. अंधारात, पाऊस कोसळत असताना, घरातले मोठे मुंबईला आणि जनरेटर चालू करायला बारावीतला मुलगा! शिवाय जुन्या घरांत मेनला सिंगल पोल एमसीबी, म्हणजे एकच तार तोडणारा स्विच असतो. तो पाडला तरी फेजची तारच तुटते, न्यूट्रलची दुसरी तार बाहेरच्या लाइनला जोडलेलीच राहते.

उपाय नवा नाही, महागही नाही. मीटर आणि घराची डीबी, म्हणजे सगळे स्विच असलेली पेटी, यांच्या मध्ये चेंजओव्हर स्विच बसवायचा. त्याची मूठ लाइनवर असते, मध्ये बंद असते किंवा जनरेटरवर असते. दोन्हीकडे एकदम लागूच शकत नाही, त्यामुळे आठवण ठेवण्याचा प्रश्नच नाही. सिंगल फेजला टू पोल घ्यावा, थ्री फेजला फोर पोल, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. काही वायरमन पैसे वाचवायला न्यूट्रल 'कॉमन', म्हणजे न तोडता जोडलेलाच ठेवतात, त्यांना तिथेच थांबवा. बाप्पाच्या मखरावर आपण याहून जास्त खर्च करतो. तेवढाही करायचा नसेल तर घराच्या वायरिंगला हातच लावू नये. जनरेटरच्या सॉकेटवरून एक्स्टेंशन बोर्ड ओढून फ्रिज आणि दोन दिवे चालवावेत.

छतावर बॅटरीविना सोलर बसवलेले लोक कुरकुरतात, की लाइट गेली की आमचं सोलरही बंद पडतं. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, खांबावरच्या माणसासाठी. जनरेटरला ती अक्कल नाही.

पावसात भिजतो म्हणून जनरेटर पडवीत किंवा माजघरात ओढून घेणाऱ्यांनाही हात जोडून विनंती. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेली माणसं उठत नाहीत. जनरेटर बाहेरच हवा, दारं-खिडक्यांपासून लांब, वर पत्र्याचं छप्पर करून.

वीज कंपनीकडे एकच मागणी आहे. कोणत्या डीपीवर कोणाकोणाकडे जनरेटर आहे, याची यादी प्रत्येक शाखा कार्यालयाने पावसाळ्यापूर्वी करावी आणि लाइनमनच्या हातात द्यावी. मीटर रीडिंगला माणूस घरोघर येतोच, त्याने एवढं विचारून लिहून घेतलं तरी पुरे.

शेजाऱ्यांच्या त्या वायरचा एक टॉप मी कापून घरी आणला आहे. ते अजून बोलत नाहीत, पण रविवारी चेंजओव्हर बसवायला बोलावलं आहे.

– एक निवृत्त वायरमन, ता. दापोली, जि. रत्नागिरी