३० जूनच्या आधी

चि. मनू,

शुक्रवारी रात्री सव्वादोनला फोन केला त्याबद्दल सॉरी. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये, म्हणते पोरीला झोपू द्यायचं सोडून कुठल्या त्या मॅक्टॉमिनेसाठी उठवलंत. पण तू झोपलेली नव्हतीस. एका रिंगमध्ये फोन उचललास आणि मागे कीबोर्डचा खडखडाट चालू होता. त्या वेळी मी रागात होतो म्हणून लक्षात आलं नाही, नंतर पहाटेपर्यंत तोच आवाज कानात.

मला फक्त एवढंच सांगायचं होतं की बघ, बुधवारी आपण, म्हणजे आपली मँचेस्टर युनायटेड, बिल्बाओला टॉटनमकडून युरोपा लीगची फायनल हरलो आणि दोनच दिवसांनी तिकडे इटलीत नापोली चॅम्पियन. कालियारीविरुद्ध पहिला गोल स्कॉट मॅक्टॉमिनेचा, हवेत आडवा होऊन मारलेला, दुसरा लुकाकूचा, म्हणजे दोन्ही गोल आपणच विकलेल्या माणसांचे. स्कॉट इटलीतला सीझनचा बेस्ट प्लेअर ठरला आणि नंतर रविवारी आपण लीगमध्ये पंधराव्या नंबरवर संपलो. पंधराव्या! फोनवर तू म्हणालीस, बाबा सोडा ना, क्लबच्याच अकॅडमीचा पोरगा होता, प्युअर प्रॉफिट, मी असते तर मीही विकला असता. आणि मग मी जे बोललो ते बोलायला नको होतं. आत्याचं नाव तर मध्ये आणायलाच नको होतं.

हिशोब मलाही कळतो गं. अँटनी नावाच्या प्लेअरला २०२२ मध्ये आयाक्स क्लबकडून सुमारे साडेनऊ कोटी युरोला घेतला, ती रक्कम कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांवर वाटून वहीत पडते, त्यामुळे मधेच स्वस्तात विकला की तोटा दिसतो. स्कॉट लहानपणापासून आपल्याकडे, वहीत त्याची किंमत शून्य, म्हणून त्याचे अडीच कोटी पाउंड आले ते सगळेच्या सगळे नफ्यात. २०२४ मध्ये त्याला विकला तेव्हा लीगचा नियम तीन वर्षांत साडेदहा कोटी पाउंडपर्यंतच तोटा चालवून घ्यायचा, म्हणून पहिला नंबर घरच्या पोराचा. हे सगळं मान्य. पण बाहेरच्यांवर एवढा पैसा उधळा असं त्या नियमाने सांगितलं नव्हतं ना? चुका करायच्या ऑफिसात बसलेल्यांनी आणि भरपाई करायची घरच्या मुलाने, ते मला पटत नाही आणि पटणारही नाही.

तुला आठवतं का, २०२३ चा ब्रेंटफर्डचा सामना, नवरात्राच्या आधीचा शनिवार. तू सुट्टीला आली होतीस, आई सारखी जेवायला बोलवत होती, आपण एक-शून्यने मागे. सत्याऐंशीव्या मिनिटाला स्कॉट आत आला आणि जादा वेळेत दोन गोल. तुझ्या हातातली सेवउसळीची वाटी माझ्या शर्टवर. तो डाग अजून आहे, आईने दोनदा फेकायला काढला तो शर्ट, मी देत नाही. तू नाचत म्हणालीस, हा माणूस काही मागत नाही बाबा, बोलावलं की येतो आणि काम करून जातो.

तेच मला आता खुपतंय. काही मागत नाही.

तुझं कॉन्ट्रॅक्ट ३० जूनला संपतंय. तिकडे प्लेअर लोकांचीही कॉन्ट्रॅक्ट ३० जूनलाच संपतात, पण फरक बघ, त्यांचं शेवटचं वर्ष आलं की क्लबचे लोक त्यांच्या मागे फिरतात. आपला पोग्बा २०१२ मध्ये कॉन्ट्रॅक्ट संपवून फुकट गेला, २०१६ मध्ये आपणच त्याला ८ कोटी ९० लाख पाउंड देऊन परत आणला आणि २०२२ मध्ये तो परत फुकट गेला. त्यांच्या हातात कॉन्ट्रॅक्टची तारीख म्हणजे हत्यार आहे. तुझ्या हातात तीच तारीख काय आहे? तीन वर्षं झाली, दर वेळी ऑफिसातून 'होईल गं, एचआरशी बोलतो', आणि तू रात्री दोन वाजता त्यांची शीट भरतेयस. लेखी मागितलंस का?

लेक्चर देणार नव्हतो. आईला तसं कबूल केलं होतं.

पण इथल्या, बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या माझ्या नोकरीचं तुला पूर्ण कधी सांगितलं नाही. तू सात वर्षांची होतीस. एकोणीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं, कुठला बोल्ट कुठल्या रॅकमध्ये ते अंधारात सांगायचो. एका शनिवारी साहेबांनी बोलावलं, चहा पाजला, म्हणाले तुम्ही तर घरचेच, तुम्हाला काय लपवायचं. आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवायला सांगितला. पुढच्या महिन्यात माझ्या जागी जो आला त्याला माझ्यापेक्षा जास्त पगार. वर्षभर माझा हात उजव्या खिशाशी जायचा, किल्ल्या आहेत का बघायला, सूरसागरला फिरताना, लग्नात पंगतीत, कुठेही. एकोणीस वर्षांत मी एकदाही पगारवाढ स्वतःहून मागितली नव्हती, वाटायचं की दिसतंय ना त्यांना.

ते दिसत नसतं मनू. म्हणजे दिसतं, पण वहीत लिहिलेलं नसतं.

तू माझ्यापेक्षा खूप हुशार आहेस, दांडिया बाजारातल्या आपल्या वाड्यातून पुण्यात जाऊन एकटीने सगळं उभं केलंस, मी येता-जाता लोकांना सांगत असतो, सुधाकाका तर कंटाळलेत ऐकून. त्यामुळेच भीती वाटते. स्वभाव माझाच घेतलायस ना, तोही सगळा. चुकून जास्त बोललो असेन तर सोडून दे, तुझं ऑफिस तुला जास्त कळतं. नोकरी सोड असं मी म्हणत नाहीये. त्यांनी ठेवलं तर चांगलंच, नाही ठेवलं तरी तुझी खोली तशीच आहे, फक्त कपाटात आईने गाद्या कोंबल्यात त्या काढाव्या लागतील. पण १ जुलैला कळायला नको, आत्ता कळू दे.

सुधाकाका गुरुवारी पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर लीलो चिवडा आणि भाकरवडी पाठवतोय, भाकरवडीचा डबा वेगळा आहे, ऑफिसात नेऊन संपवू नकोस. आणि आईला तूच एक फोन कर, माझ्याकडून ऐकून तिला खरं वाटत नाही की तू चिडलेली नाहीस.

ऑफिसातल्यांशी बोललीस की मला मेसेज टाक. रात्री कितीही वाजले तरी टाक, मी जागाच असतो.

बाबा