लाल त्रिकोण म्हणजे जोरदार औषध नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पांढरकवड्याकडे माझं कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीवर अळी दिसू लागली की काउंटरवर मागणी ठरलेली: "भाऊ, लाल त्रिकोनवालं द्या." बाटलीवरचा तो त्रिकोण कवटी-हाडांसकट धोक्याची खूण म्हणून छापलेला असतो. गिऱ्हाईक त्याला दर्जाचा शिक्का समजतं. हिरव्या त्रिकोणाचं क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल पुढे केलं तर म्हणतात, "हे तं पाणी व्हय, यानं काय मरते?" अळीवर ते उत्तम चालतं. पण ते महाग, त्यामुळे दुकानदार नफ्यासाठीच सांगतोय असा संशय. (आमच्या धंद्याची पत पाहता तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.)

लाल, पिवळा, निळा, हिरवा ही उतरंड १९७१ च्या कीटकनाशक नियमांतली आहे. औषध तोंडावाटे दिल्यावर चाचणीतले निम्मे प्राणी किती मात्रेने मरतात, त्यावरून रंग ठरतो. प्राण्याच्या वजनाच्या किलोमागे ५० मिलीग्रॅमपर्यंत मात्रा पुरली तर लाल, म्हणजे सर्वांत विषारी; ५००० च्या वर लागली तर हिरवा, म्हणजे सर्वांत कमी. कातडीवाटे होणारी बाधाही धरतात. अळी किती मरेल, याचा हिशेब त्यात कुठेच नाही.

हिरवं नेणारा हातमोजे घेत नाही, ही दुसरी अडचण. पिवळ्यावर तर कवटी नसते, म्हणून ते विष वाटतच नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-मजूर गेले, तेव्हा फवारलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं पिवळ्या त्रिकोणाचं मिश्रणही होतं.

आणि खूण वाचणार कोण? बाटली नेतो मालक, पंप पाठीवर घेतो मजूर. त्याच्यासमोर येतो तो धुऱ्यावर औषध कालवलेला ड्रम. त्या ड्रमवर कुठला त्रिकोण?

दिल्लीतले नियम बदलतील तेव्हा बदलोत. तोवर कृषी विभागाने आम्हा परवानाधारकांना मोठ्या अक्षरांतले मराठी स्टिकर द्यावेत: "हा रंग माणसाला किती धोका ते सांगतो. अळीवरचा जोर नाही." एक बाटलीवर लावू, एक ड्रमसाठी बिलासोबत देऊ. छपाईचा खर्च विभागाला झेपत नसेल, तर माझ्या दुकानापुरता मी करतो. फक्त कंपनीच्या लेबलशेजारी आपला कागद चिकटवला म्हणून तपासणीत नोटीस येणार नाही, एवढं लेखी द्यावं.

आपला,
एक कृषी सेवा केंद्र चालक,
ता. केळापूर, जि. यवतमाळ