डीएपीसोबत गळ्यात मारलेल्या बाटल्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला म्हणून गेल्या आठवड्यात डीएपी खत आणायला तालुक्याला गेले होते. माझ्या चार एकर सोयाबीनला चार पोती लागतात, मिळाली दोन. खतविक्री नोंदवणाऱ्या पॉस मशीनवर अंगठा ठेवला, पावती निघाली 2,700 रुपयांची. पोत्याला 1,350, सरकारी दराप्रमाणे बरोबर. मग दुकानदाराने द्रवरूप नत्राच्या दोन बाटल्या आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक पिशवी पुढ्यात ठेवली. त्यांचे 980 रुपये त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेनने लिहून दिले. हे नको म्हटलं, तर म्हणाला, मग डीएपीही राहू द्या.

मी आवाज चढवला तसा तो हळू बोलायला लागला. "मावशी, कंपनी मलाच सुटं देत नाही. डीएपीची गाडी पाहिजे तर हा माल उचलावाच लागतो." तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. मागच्या खोलीत त्या बाटल्यांची खोकी पत्र्याला टेकली होती.

सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरतात आणि त्या हवेतला नत्र पिकाला देतात, हे कृषी विभागाचे लोकच आम्हाला शिकवतात. शिवाय डीएपीत 18 टक्के नत्र असतोच. मग वरून ही नत्राची बाटली मी कशाला घालू?

डीएपी 1,350 ला मिळावं म्हणून सरकार शेतकऱ्याच्या नावाने कंपनीला अनुदान देतं. मला मात्र ते पोतं 1,840 ला पडलं. सरकारदरबारी नोंद 1,350 चीच. लिंकिंगला, म्हणजे खतासोबत दुसरा माल गळ्यात मारायला, बंदी आहे, तक्रार करा, असं अधिकारी दर हंगामात सांगतात. तक्रारीला पुरावा काय जोडू? पुठ्ठा?

विकायला गेलं की उलटा हिशोब. 2024 साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. दिवाळीआधी खरेदी केंद्रावर गेले तर ओलावा 12 टक्क्यांच्या वर भरला म्हणून माल परत. मोंढ्याच्या बाजारात 4,100 ने घातला, कारण खताबियाण्याची उधारी अंगावर होती. नोव्हेंबरच्या मध्याला ओलाव्याची अट 15 टक्क्यांवर आली, तोवर घरात एक पोतं उरलं नव्हतं. माझ्या मालाचा ओलावा टक्क्याने मोजतात, आणि कंपनीने माझ्या गळ्यात काय मारलं ते मोजायला कुणी नाही.

चांगल्या खताचे पैसे मी रोख मोजते, कंपनीने त्यात नफा जरूर कमवावा. पण न लागणाऱ्या बाटलीतून काढलेला नफा माझ्या पदरच्या सोयाबीनमधून जातो.

कृषी विभागाने दुकानावर छापा घालून थांबू नये. कंपनीने दुकानदाराला पाठवलेली बिलं काढावीत. डीएपीच्या गाडीबरोबर, त्याच तारखेला काय काय आलं, ते तिथे लिहिलेलं असणारच. आणि दुकानातून जे बाहेर पडेल ते सगळं एकाच पक्क्या बिलावर यावं, पुठ्ठ्यावर नाही.

तीन वर्षांच्या मिळून सात बाटल्या माझ्या कोनाड्यात आहेत, चारांची तारीख उलटून गेली आहे. पुठ्ठाही ठेवला आहे. चौकशीला कुणी आलं तर दोन्ही दाखवीन.

आपली,
एक सोयाबीन उत्पादक शेतकरी महिला,
ता. औसा, जि. लातूर