रॅपिड सिटीच्या काकूंना, बॅडलँड्सहून परतल्यावर

तीर्थस्वरूप काकूंना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण मिनेसोटा-इलिनॉयकडच्या कितीतरी मराठी घरांत उन्हाळ्यात माउंट रशमोरचा बेत ठरतो, आय-90 महामार्गावरून जाता जाता साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कला दोन तास मिळतात, चार फोटो निघतात आणि गाडी पुढे जाते. त्या जागेला दोन तास देणं हा तिच्यावर अन्याय आहे, हे मी आता ठामपणे म्हणू शकते. ते तुमच्यामुळे.

पहिल्याच फोनवर तुम्ही काय काय बघायचं ते सांगितलं नाहीत. विचारलंत, "बाबांना जिना चढवतो का? आणि गाडीत पाण्याचे किती कॅन मावतात?" बेताची सुरुवात तिथून झाली. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर पाणी, आणि ते आपलं आपण न्यायचं. तिथल्या ओढ्यांचं पाणी इतकं गढूळ की फिल्टरसुद्धा गाळानं बंद पडतो, हे तुम्ही बजावलंत. मग फिल्टर घरीच ठेवला आणि कॅन वाढवले. गाडीची टाकी कडोका किंवा वॉल या गावांत भरून घ्या, नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, लाकडाची शेकोटी पार्कात कुठेच चालत नाही तेव्हा स्टोव्ह घ्या. आणि दशम्या करून न्या, त्या टिकतात! उन्हात फिरून आल्यावर गाडीच्या सावलीत बसून खाल्लेल्या त्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांची आठवण लेक अजून काढतो.

शाळेच्या सुट्टीमुळे आम्हाला जूनच गाठावा लागणार होता. जून तिथला सगळ्यात पावसाचा महिना, वादळं आणि गारांसकट. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 100 अंश फॅरनहाइटच्या वर जातो, त्यापेक्षा हे बरं, असं तुम्ही म्हणालात आणि बेतात एक सोय करून दिलीत: डांबरी रस्त्याची ठिकाणं ओल्या दिवसासाठी, सेज क्रीक रिमचा कच्चा रस्ता कोरड्या दिवसासाठी, आणि कोणता दिवस कोणता ते आकाशाकडे बघून ठरवायचं. तिथल्या मातीत ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेलं बेंटोनाइट आहे, ते पाणी पिऊन फुगतं, चिकटतं आणि घसरवतं. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "म्हणजे आपलं काळं रानच की. पावसात बैलगाडी घालायची नाही." रात्री पाऊस झालाच. सकाळी व्हिजिटर सेंटरमधल्या रेंजरबाईंनी सेज क्रीकला आज जाऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्यापैकी कुणाचाही चेहरा पडला नाही. विंडो आणि डोअर ट्रेलच्या लाकडी फळ्यांच्या वाटा आमची वाट बघत होत्याच. नॉच ट्रेलची ओंडक्यांची शिडी मात्र ओल्यात चढू नका असं तुमचं म्हणणं होतं. ती राहिली, आणि राहिली ते बरंच झालं.

पण काकू, सगळ्यात मोठं ऋण बाबांच्या बाजूचं आहे. त्यांची सगळी नोकरी मृदसंधारण खात्यात गेली. बांधबंदिस्ती, नालाबांध, समतल चर. शेतातली माती शेतातच राहावी यासाठी ते तीसेक वर्षं उन्हातान्हात हिंडले. अमेरिकेत आल्यापासून घरात बसून त्यांना कंटाळा आला होता आणि आम्ही दाखवलेल्या शहरांत त्यांचं मन लागत नव्हतं. तुम्ही त्यांच्याशी वेगळा, लांबलचक फोन केलात. काय बोललात ते मला तिथे गेल्यावर कळलं. पूर्वेकडून येणारे लोक 131 नंबरच्या एक्झिटनं आत शिरतात. तुम्ही आम्हाला पुढे वॉलपर्यंत, 110 ला जायला लावलंत आणि पिनॅकल्सच्या फाटकातून उलटं यायला सांगितलंत, का तर बाबांना यलो माउंड्स आधी बघता यावेत.

पिवळ्याजर्द टेकड्यांसमोर बाबा उभे राहिले आणि आम्हालाच समजावून सांगू लागले. साडेसात कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो हटला, तळाचा काळा चिखल उघडा पडला, त्यावर झाडं वाढली, मुळांनी तो फोडला आणि त्याची ही पिवळी माती झाली. त्यावर करड्या रंगाचा चॅड्रनचा थर, मग ब्रूलचा फिकट बदामी थर आणि त्यातले लालसर पट्टे. हा प्रत्येक लाल पट्टा म्हणजे एकेकाळची जमीन, जिच्यावर गवत उगवलं, जनावरं चरली आणि नंतर नद्यांचा गाळ आणि राख बसून ती गाडली गेली. थर साचणं 2 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी संपलं. झीज सुरू होऊन मात्र जेमतेम पाच लाख वर्षं झाली, आणि वर्षाला साधारण एक इंच या वेगानं हे सगळं व्हाइट नदीत वाहून चाललंय. बाबा बराच वेळ घळी न्याहाळत होते. मग म्हणाले, "माती वाहून जाताना बघून मला आनंद होईल असं आयुष्यात वाटलं नव्हतं." त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मिळालं, याबद्दल मी तुमचे आभार कुठल्या शब्दांत मानू?

लेकाचं वेगळंच. 2010 मध्ये सात वर्षांच्या मुलीला व्हिजिटर सेंटरच्या जवळच सुळेदात असलेल्या प्राण्याची कवटी दिसली, ही गोष्ट तुम्ही त्याला सांगितलीत. शिवाय नियमही तिथल्या तिथे पाठ करून घेतलात: दिसलं तर उचलायचं नाही, हलवायचं नाही, फोटो काढायचा, जागा नीट टिपायची आणि रेंजरला सांगायचं. त्याला काही सापडलं नाही. पण बेन रायफेल व्हिजिटर सेंटरमधल्या प्रयोगशाळेत हाडांवरचा दगड कणाकणानं सोलणाऱ्या लोकांसमोरून तो हलायला तयार नव्हता. 1993 साली दोन प्रवाशांनी कळवलेल्या हाडांपासून पंधरा वर्षांचं उत्खनन कसं उभं राहिलं, आणि डुक्कर म्हणून नाव पडलेला प्राणी शेवटी बिनशिंगी गेंडा कसा निघाला, हे आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं.

रस्ता वाळल्यावर सेज क्रीकला गेलो. पार्कातली 64 हजार एकर जमीन कायद्यानं रानच राहावी म्हणून राखलेली आहे. तिथे मुक्कामाला परवाना लागत नाही. तंबू मात्र रस्त्यापासून निदान अर्धा मैल आत, कुणाला दिसणार नाही असा. आखलेल्या वाटा नाहीत, बायसनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांच्या, पायवाटा आहेत. 1963 मध्ये इथे पन्नास बायसन परत आणून सोडले, त्यांचा कळप आता हजारापलीकडे गेलाय. त्यांच्यापासून 100 यार्ड लांब राहा असं तुम्ही सांगितलं होतंत. पण रस्ता त्यांनीच अडवला तर इंजिन बंद करून गप्प बसा, हे तुमचं सांगणं जास्त उपयोगी पडलं. लेक आणि बाबा बरोबर असल्यानं आम्ही तिथे रात्र काढली नाही, दिवसभर गवतातून चाललो. नवऱ्याचा मात्र पुढच्या वेळचा बेत पक्का आहे.

दक्षिण भागाबद्दल तुम्ही जे सांगितलंत, ते इतर कुणी सांगितलं नसतं असं मला वाटतं. तो भाग ओग्लाला लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या पाइन रिज रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे त्यांच्या राखीव प्रदेशात, येतो. 1942 मध्ये सरकारनं बॉम्बफेकीच्या सरावासाठी सुमारे 3 लाख 40 हजार एकर जमीन ताब्यात घेतली आणि सव्वाशेच्या आसपास कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. आजही तिथे न फुटलेला दारूगोळा सापडतो, म्हणून धातूचं काहीही दिसलं तर हात लावायचा नाही. बाबांचं आजोळ जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेलं. त्यांनी लगेच विचारलं, ती माणसं कुठे गेली, जमीन परत मिळाली का? तुम्ही त्यांना खरं तेच सांगितलंत: थोडी मिळाली, सगळी नाही. बिग फूट पासच्या कठड्याशी थांबा असंही तुम्हीच म्हणाला होतात. डिसेंबर 1890 मध्ये लाकोटांचा म्होरक्या बिग फूट आपल्या लोकांना घेऊन याच कड्यावरून उतरला, आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेला वुंडेड नी इथे सैनिकांनी दीडशेहून अधिक माणसं मारली, त्यांत बायका-मुलं कितीतरी. तिथे आम्ही लेकाला हे सगळं सांगितलं. एवढ्या लहान मुलाला सांगावं का, असा प्रश्न नवऱ्याला पडला होता. मला वाटतं, सांगायलाच हवं होतं. ज्यांच्या जमिनीवर आपण सुट्टी घालवतो त्यांच्यावर काय गुजरलं, हे सहलीच्या बेतात पाण्याच्या कॅनइतकंच आधी यायला हवं. तुम्ही तसं ते आणलंत.

आता एक विनंती. ओमाहाची माझी मैत्रीण सप्टेंबरमध्ये तिकडे निघाली आहे, बरोबर तिची आई आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. तुमच्या सूचनांची टिपणं मी तिला पाठवली आहेत, पण फॉसिल एग्झिबिट ट्रेल आणि विंडो सोडून त्या मावशींना आणखी काय झेपेल, हे तुम्हीच सांगू शकाल. तिला तुमचा नंबर दिला तर चालेल ना? शिवाय ब्रूलच्या थरातल्या चुन्याच्या गाठींबद्दल बाबांचे काही प्रश्न वहीत लिहून तयार आहेत. येत्या रविवारी दुपारी ते तुम्हाला फोन करतील. तुमच्याकडे एक तास मागे असतं, हे त्यांना आठवणीनं सांगितलंय.

तुमची,
मिनियापोलिसची पुतणी